वळला तो गेला

नव्या खेळाडूला शत्रूचं विमान दिसलं की तो वळतो. स्टिक पोटाशी ओढून धरतो आणि त्याच्या शेपटीमागे जायला बघतो. समोरचाही वळतो. मग दोघं एकमेकांभोवती पिंगा घालत बसतात. दर फेरीला थोडे खाली, थोडे हळू. एवढ्यात वरून तिसराच कुणी येतो, दोन सेकंद तोफ चालवतो आणि आला तसा वर निघून जातो. पडलेल्या पोराला आपण कशानं मेलो तेही कळलेलं नसतं. हेडफोनमधून त्याचा वैतागलेला आवाज येतो, "बाई, तो चीटिंग करतोय, शंभर टक्के!"

चीटिंग वगैरे काही नसतं. मारणारा दोन किलोमीटर वर होता, एवढंच.

बाई म्हणजे मी. नाशकातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचे हे ओझरला एचएएलमध्ये मिगच्या जोडणीवर होते, तेव्हा विमानांचा विषय घरात रोजचाच. भाच्याला पुण्यात नोकरी लागली आणि जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर नि जॉयस्टिक आमच्याकडे टाकून गेला. त्यात 'आयएल-२ स्टुर्मोविक' होतं. मूळ रशियन खेळ, २००१ सालचा; आता त्याची पुढची पिढी चालते आणि तीत स्टालिनग्राड, कुबान, नॉर्मंडी अशा दुसऱ्या महायुद्धातल्या आघाड्या आहेत. याच घराण्यातला 'वॉर थंडर' फुकटात सुरू करता येतो, आधुनिक जेटची हौस असेल तर 'डीसीएस' आहे. हे खूळ आजचं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले लोक मोडेम लावून, तासाच्या हिशेबानं पैसे मोजून, 'एअर वॉरियर'मध्ये एकमेकांची विमानं पाडत होतेच.

'गेम' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते हे नव्हे. इथे इंजिन तापतं, रेडिएटर उघडावा लागतो, तो उघडला की विमान हळू होतं. प्रत्येक विमान त्याच्या खऱ्या वजनानं, खऱ्या ताकदीनं आणि खऱ्या खोडींसकट उडतं. गोळ्या मोजक्या असतात. बऱ्याच सर्व्हरवर शत्रूच्या डोक्यावर नाव किंवा लाल खूण येत नाही; आकाशात एक ठिपका दिसतो आणि तो कुणाचा हे आपलं आपण ओळखायचं. समोर उडणारा मात्र खरा माणूस असतो, कुठेतरी पोलंडमध्ये नाहीतर ब्राझीलमध्ये रात्र जागवणारा.

तर जरा फळ्याकडे बघा. विमानाकडे ऊर्जा दोन रूपांत असते: उंचीमुळे स्थितिज, वेगामुळे गतिज. हे बारावीचं पोरही झोपेत सांगेल. मौज पुढे आहे. दोन्हींची बेरीज करून विमानाच्या वजनानं भागली की वस्तुमान उडून जातं आणि उत्तर चक्क मीटरमध्ये येतं. उंची, अधिक वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीनं भागून आलेला आकडा. समजा एक विमान ५,००० मीटरवर ताशी ४०० किलोमीटरनं चाललंय. त्याच्या वेगाची किंमत सुमारे ६३० मीटर, म्हणजे एकूण ५,६३०. दुसरं ३,००० मीटरवर ताशी ६०० नं सुसाट सुटलंय. त्याच्या वेगाचे १,४२० धरा, एकूण ४,४२०. बघणाऱ्याला खालचं जोरात वाटतं, पण वरचं त्याच्याहून बाराशे मीटरनं सरस आहे. आणि वेगाचा वर्ग असल्यामुळे ताशी शंभर किलोमीटरचा भाव सगळीकडे सारखा नाही. ३०० वरून ४०० ला गेलात तर जेमतेम २७५ मीटर हाती येतात, ६०० वरून ७०० ला गेलात तर ५१०. वर्गात हे उदाहरण घातलं असतं तर मागच्या बाकावरचे जागे राहिले असते असं मला हल्ली वाटतं.

सूर मारला की उंचीचा वेग होतो, नाक वर केलं की वेगाची उंची होते. या अदलाबदलीत थोडं हवेला द्यावं लागतं, पण फार नाही. खरी लूट वळणात होते. विमान साठ अंश कलवून सपाट वळण घेतलं तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार उचलावा लागतो. साधारण पंचाहत्तर अंशांना चौपट. हा भार उचलताना हवेचा जो एक जास्तीचा अवरोध तयार होतो तो भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे त्याच वेगाला चौपट भाराचं वळण घेतलंत तर हा अवरोध सोळा पट. इंजिन हे भरून काढतं, पण सावकाश. महायुद्धातलं चांगलं फायटर मिनिटाला हजार मीटरच्या आसपास चढायचं. करकचून मारलेलं एक वळण अर्ध्या मिनिटाची कमाई सहज खातं, आणि अर्धा मिनिट म्हणजे या खेळात फार झाला.

नव्या पोरांना हे आकडे सांगितले की ती जांभया देतात. मग मी हुतुतू काढते. चढाईला जाणारा गडी दम कोंडून जातो, एखाद्याला शिवतो आणि मधली रेघ गाठेपर्यंत पुरेल इतका दम छातीत ठेवून परततो. समोरच्याच्या अंगणात झोंबाझोंबी करत बसला तर दम सुटणार आणि सगळे मिळून त्याला दाबणार. आमच्यासोबत उडणाऱ्या इचलकरंजीच्या पोराला हे एका वाक्यात कळलं. तेव्हापासून आमच्या टोळीत 'दम किती?' असंच विचारतात. खेळाडूंच्या भाषेत या चढाईला 'बूम अँड झूम' म्हणतात आणि फिरत बसणाऱ्याला 'टर्न फायटर'.

ही ऊर्जा कागदावर रीतसर मांडली जॉन बॉइड यांनी. अमेरिकन हवाई दलातले फायटर पायलट; कोरियाच्या युद्धात सेबर जेट उडवलेलं. नेलिस तळावर शिकवत असताना त्यांची पैज असायची: तुम्ही माझ्या शेपटीवर या, चाळीस सेकंदांत मी तुमच्या शेपटीवर नसलो तर चाळीस डॉलर तुमचे. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर थॉमस क्रिस्टी या गणितज्ञाला हाताशी धरून त्यांनी प्रत्येक विमानाचे तक्ते काढले. कुठल्या उंचीवर, कुठल्या वेगाला, किती भाराच्या वळणात हे विमान ऊर्जा कमावतं आणि कधी गमावतं. कॉम्प्युटरवरचा वेळ त्यांनी रीतसर परवानगीशिवाय, दुसऱ्याच कामाच्या नावाखाली वापरला. एफ-१६ च्या रचनेमागे याच तक्त्यांचा विचार होता. आज खेळाडू इंटरनेटवर आपापल्या लाडक्या विमानाचे असे तक्ते टाकतात आणि त्यावरून कडाकडा भांडतात.

पण माझा माणूस बॉइड नव्हे, पोक्रिश्किन. अलेक्सांद्र पोक्रिश्किन, सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कचे, आधी विमानांचे मेकॅनिक आणि मग वैमानिक. जर्मनी-सोव्हिएत युद्धाच्या पहिल्याच दिवशी, २२ जून १९४१ ला, त्यांनी जे विमान पाडलं ते सोव्हिएतांचंच निघालं. सुखोई-२ हे नवं बॉम्बर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. (आमच्याकडे कुणी आपलंच विमान पाडलं की त्याला 'आज पोक्रिश्किन झाला' म्हणतात.) वरून हुकूम असा की खालच्या सैनिकांना धीर यावा म्हणून फायटरांनी त्यांच्या डोक्यावर, दिसतील असं, हळूहळू घिरट्या घालायच्या. पायदळाला धीर येत असेल, पण जर्मन मेसरश्मिट वरून येऊन ही विमानं टिपायचे. पोक्रिश्किन वहीत आकृत्या काढत, वरिष्ठांशी भांडत बसले. त्यांनी घिरट्यांच्या जागी लांब झोके बसवले: टोकाला उंच जायचं, मध्ये सूर मारून आघाडीवरून वेगात जायचं, पलीकडे परत उंच. १९४३ च्या वसंतात कुबानवर त्यांनी आपली विमानं मजल्यांसारखी एकावर एक रचली. खालचा मजला फसला तर वरचा मजला उतरतो. त्यांचं सूत्र चारच शब्दांचं होतं आणि क्रम महत्त्वाचा: उंची, वेग, डावपेच, गोळी. गोळी शेवटी. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्या नावावर ५९ विमानं होती आणि 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब तीनदा.

कुबानवर ते उडवायचे ते विमान अमेरिकन, बेलचं पी-३९ एअराकोब्रा. इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, त्याचा लांब दांडा त्याच्या पायांमधून पुढच्या पंख्यापर्यंत, पंख्याच्या मधोमध ३७ मिलिमीटरची तोफ आणि आत शिरायला मोटारीसारखं बाजूचं दार. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या विमानाला फारसं कुणी विचारलं नाही, कारण जास्त उंचीवर ते दमायचं. कुबानच्या लढाया तेवढ्या उंच होतच नव्हत्या. खेळात मी ते उडवते, पण वळणात जरा जास्त ओढलं की शेपूट घसरून चक्रावायला लागतं.

आता एक लढाई जवळून बघू. स्टालिनग्राडचा नकाशा, दुपारची वेळ. मी त्या दिवशी जर्मन बाजूला, मेसरश्मिट १०९ एफ-४ मध्ये. उंची ४,५००, सूर्य पाठीमागे. माझ्या बाराशे-तेराशे मीटर खाली एक सोव्हिएत याक-१ एकटाच पूर्वेला चाललेला. याक १०९ पेक्षा लहान वर्तुळात वळतो. १०९ याकपेक्षा चांगलं चढतं. हे एवढं माहीत असेल तर लढाई कुणाच्या अंगणात व्हायला हवी ते ठरलेलं आहे. मी लगेच खाली झेपावले नाही. आधी दोन्ही बाजू नि पाठ बघून घेतली, याकच्या थोडं मागे, थोडं बाजूला आले आणि मग नाक खाली केलं.

पाचशे मीटरवर असताना त्यानं मला पाहिलं आणि डावीकडे सपकन वळला. इथेच नव्यांचा हात आपोआप डावीकडे जातो. मी स्टिक हळू मागे घेतली. हळू म्हणजे खरंच हळू. डोळ्यांसमोर अंधारी आली तर समजायचं की आपण ऊर्जा सांडतोय. याक खालून निघून गेला, मी सरळ वर चढत राहिले आणि ४,४०० मीटरला पोचले तेव्हा माझा वेग ताशी २८० उरला होता. मान वळवून खाली बघितलं. त्यानं पूर्ण अर्धं वर्तुळ मारलं होतं आणि आता नाक वर करून माझ्याकडे चढत होता. वेग कुठून आणणार? तो तर वळणात गेला. त्याच्या गोळ्यांची पिवळी रेघ माझ्या पंखाच्या बरीच खालून वाकून गेली. मग त्याचं विमान हवेत टांगल्यासारखं थांबलं, एक पंख पडला आणि नाक खाली कोसळलं. याला खेळाडू 'रोप' म्हणतात. समोरच्याला वर ओढत न्यायचं आणि त्याचा दम आपल्या आधी संपू द्यायचा.

मी पायानं रडर दाबून कुशीवर पलटले आणि त्याच्या मागोमाग उतरले. दोनशे मीटर, दोन छोट्या फैरी. याकच्या पोटाखालून पांढरी वाफेची शेपटी सुटली. रेडिएटर फुटला, म्हणजे इंजिन आता थोड्या मिनिटांचं सोबती. त्याच क्षणी कानात आमच्या टोळीतल्या एकाचा पिंपरीहून आवाज आला, "बाई, उजवीकडे तीन वाजता, तुमच्याच उंचीवर, एक." (आमच्याकडे दिशा घड्याळाप्रमाणे: बारा समोर, सहा पाठीमागे.) समोर लंगडा याक, शंभर मीटरही नाही. अजून एक फैर, की नावावर एक विमान लागलं असतं.

मी नाक किंचित खाली धरून, थ्रॉटल पुढे ढकलून पश्चिमेला आपल्या हद्दीकडे सरळ पळाले. एकही वळण नाही. दुसरा याक दोन-तीन मिनिटं मागे राहिला, मधल्या वेळात अंतर वाढत गेलं, मग तो परत फिरला. फेरी संपल्यावर नोंदीत दिसलं की पहिल्यानं स्टेपमध्ये पोटावर उतरवलं होतं. म्हणजे माझ्या खात्यात शून्य. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, हातातला सोडलास!" सोडला. एकाच सावजावर डोळे खिळले की बाकीचं आकाश दिसेनासं होतं, आणि निम्म्याहून जास्त माणसं माझ्या अंदाजानं अशीच मरतात, समोरचा पडताना बघत.

एरिक हार्टमान हा जर्मन वैमानिक याच पूर्व आघाडीवर लढला. ३५२ विमानं, जगात सर्वांत जास्त. त्याचा पायंडा ठरलेला: बघ, ठरव, मार, नीघ. ठरवण्यात 'आज नको' हेही धरलेलं. फिरत्या झटापटीत तो शक्यतो पडायचाच नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ओस्वाल्ड ब्योल्के यांनी आपल्या तरुण वैमानिकांसाठी जे नियम लिहून दिले त्यांतही पहिला हाच: आधी वरचढ जागा मिळवा, जमलं तर सूर्य पाठीशी ठेवा, मग हल्ला.

विमानच दुबळं असेल तर? पॅसिफिकमध्ये अमेरिकनांपुढे हाच प्रश्न होता. जपानी झिरो हलकं, चिलखत नाही, इंधनाच्या टाक्यांना संरक्षण नाही; पण वळणात त्याच्यापुढे अमेरिकन वाइल्डकॅट टिकायचंच नाही. जॉन थॅच या नौदलाच्या अधिकाऱ्यानं घरच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून तोड शोधली: दोघांनी शेजारी, अंतर ठेवून उडायचं, एकाच्या मागे झिरो लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, म्हणजे पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. ४ जून १९४२ ला मिडवेला त्यानं हे प्रत्यक्ष लढाईत वापरलं. आणि त्याच दिवशी, तिकडे उत्तरेला अल्यूशियन बेटांत, तादायोशी कोगा नावाच्या जपानी वैमानिकानं आपलं झिरो अकुतान बेटावर उतरवायला घेतलं. खाली गवत दिसलं, होती दलदल. चाकं रुतली, विमान उलटलं, तो गेला. विमान मात्र जवळपास धड राहिलं. अमेरिकनांनी ते सॅन डिएगोला नेऊन दुरुस्त केलं, उडवलं आणि त्याची मर्मं शोधली. जास्त वेगाला त्याचे एलेरॉन, म्हणजे पंखांवरचे हलते पट्टे, इतके जड होतात की ते गिरकी घेऊ शकत नाही, त्यातही उजवीकडे जास्त अवघड. आणि नाक झटकन खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन अडखळतं. म्हणून झिरो पाठीशी लागलं तर सूर मार, वेग वाढव, उजवीकडे वळ. खेळातही हे तस्संच चालतं. बनवणाऱ्यांनी ही खोडसुद्धा घातलीय याचं मला अजून कौतुक वाटतं.

खेळात जे नाही तेही सांगायला हवं. अंगावर सहापट वजन येत नाही, मान आखडत नाही, थंडीनं बोटं गारठत नाहीत. पडदा काळा होतो, एवढंच. आणि मेलं की बटण दाबून नवं विमान. त्यामुळे लोक समोरासमोर, नाकाला नाक लावून गोळ्या झाडत येतात, जे शहाणा वैमानिक सहसा टाळेल. दोघंही पडतात, दोघंही हसतात. काही सर्व्हरवर मात्र विमानं मोजून देतात. गमावलं की पुढच्या वेळी दुय्यम विमान मिळतं. तिथे लोकांची उडण्याची रीत बघण्यासारखी बदलते. वीज जाण्याचा धोका आमचा आम्हाला. एकदा ऐन लढाईत आमच्या गल्लीतले दिवे गेले. माझं विमान म्हणे बराच वेळ सरळ उडत राहिलं आणि मागे लागलेल्यानं हा काही डाव आहे असं समजून सोडून दिलं.

आमच्यातला एक जण मात्र माझं हे सगळं ऐकून घेत नाही. मूळचा साताऱ्याचा, आता स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात. तो म्हणतो, "बाई, तुम्ही लोक सहा हजार मीटरवर जीव सांभाळत बसता आणि खाली आपली इल्युशिन बॉम्बर पाचशे मीटरवर एकेक करून मरतात. फेरी जिंकायची ती पूल पाडून, तुमच्या उंचीवर नाही." मुद्दा खरा आहे. बॉम्बरांना सोबत करायची तर खाली यावंच लागतं, आणि तिथे कुणी तुमच्या मागे लागला, वेगात पुढे निसटणार असं दिसलं, तर करकचून वळणं हाच उपाय असतो. तो पुढे गेला की तुम्ही त्याच्या मागे. त्याला ते सुरेख जमतं. माझं म्हणणं इतकंच की खाली जाणारे चार असतील तर वर दोन तरी हवेत, आणि ते दोन कोण हे उडण्याआधी ठरवावं. तो म्हणतो, एक पुरे. गेल्या शनिवारी एक ठेवला होता. पूल पडला आणि आमची तीन विमानं परत आली, पाच गेली होती. त्याच्या मते हा विजय आहे. मी अजून नोंद बघतेय, ती दोन नेमकी कुठे, किती उंचीवर पडली ते.